'शांत'ला उत्तेजनार्थ

५ सप्टेंबर
रिटायर होऊन सहा महिने, हातात ब्रश येऊन चार. नगरभवनात नवशिक्या आणि हौशी लोकांचं सुलेखन प्रदर्शन आहे. संकल्प: रोज पन्नास वेळा 'शांत' या अर्थाचं एकच जपानी चित्राक्षर लिहायचं. पहिला नंबर नक्की. चिएको म्हणाली, अहो, आधी जेवायचं टेबल रिकामं करा. कलाकाराच्या बायकोने असं बोलू नये.

९ सप्टेंबर
पन्नासपैकी तीन. गुडघे धरले. पण शाई तासभर घोटली. घोटणं हाच निम्मा सराव, असं सुगिउरा बाई वर्गात सांगतात. म्हणजे निम्मं झालंच.

१६ सप्टेंबर
समोर ठेवून लिहायला बाईंनी स्वतःच्या हातचा नमुना दिला. वर ताकीद: ब्रश उचलला की त्या रेघेला परत हात लावायचा नाही. मी लावत नाही. थोडी जाड करतो इतकंच.

१० ऑक्टोबर, सकाळी ११
आज शेवटची तारीख! चिएकोने टेबल आवरताना सगळे कागद एकत्र केले. त्यातला सर्वांत झकास काढला, माझ्या नावाचा लाल शिक्का हाणला, देऊन आलो. बाईंना दाखवायला वेळ कुठे होता! एवढं सुंदर मी लिहिलं कधी?

३ नोव्हेंबर
उत्तेजनार्थ! क्योतोहून आलेल्या परीक्षकांनी खाली चिठ्ठी लावलीय: 'उत्साह दांडगा, हात कच्चा.' चष्मा बदला म्हणावं. घरी येऊन बाईंच्या नमुन्याशी ताडून बघणार होतो. नमुना सापडेना. सगळा गठ्ठा माझाच.
मेलो.

४ नोव्हेंबर
सांगावं, तर चाळीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना नवशिक्यांत उत्तेजनार्थ मिळालं हेही सांगावं लागेल. न सांगावं, तर त्या स्वतःचं अक्षर ओळखणारच. उद्या प्रदर्शन बघायला येणार आहेत. वर्गातून काढलं तर दिवसभर घरात मी, चिएको आणि टेबल. फार भीती वाटतेय. चिएको म्हणते, सांगून टाका, खाणार आहेत का त्या तुम्हाला? ठरलं: उद्या ताप.

५ नोव्हेंबर
ताप आला नाही. चिएकोने ढकलत नेलं. बाई 'माझ्या' कागदासमोर उभ्या राहिल्या. चिठ्ठी वाचली. परत वाचली. मी खांबामागे. मागे वळूनही न बघता म्हणाल्या, कुवाबारा-सान, मंगळवारी हा कागद घेऊन या. आणि तुमचाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
बाईंनी तो कागद सगळ्यांदेखत फळ्यावर लावला आणि लाल शाईने सात चुका दाखवल्या. इथे घाई झाली, इथे मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणे, कुवाबारा-सान. मी सातही वेळा वाकून माफी मागितली. सगळे गेल्यावर माझा खरा कागद पुढ्यात घेतला. लाल ब्रश उचलला. बराच वेळ हवेत धरला. खाली ठेवला.
वर्गातून काढलं नाही. नवा नमुना दिला. कोपऱ्यात स्वतःचा शिक्का मारून. दोन ठिकाणी.