चांगल्या पायाचं माप

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय टोळ,

अनेक आशीर्वाद. फोन तू कुणाचाच उचलत नाहीस, म्हणून हा कागद. मावशीच्या पत्त्यावर पाठवतेय. ती तो तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत समोरून हलणार नाही, तिचा स्वभाव तुला माहीतच आहे.

इकडे सगळं नेहमीसारखं. बाबांची पाठ धरली होती, ती मी सोडवली आणि त्यांनी श्रेय मलमाला दिलं. आमच्या फिजिओथेरपी विभागात व्यायामाची नवी सायकल आली आहे. पेशंट तिच्यावर बसून पेपर वाचतात आणि 'आज फार दमलो' म्हणतात. तुझी खोली होती तशीच आहे.

काल सर्जन जिन्यात भेटले. म्हणाले, "तुमच्या बहिणीने गुरुवारचं ऑपरेशन नको म्हणून कळवलंय." मी कारण विचारलं. तर म्हणे, "माझ्या गुडघ्यातच खोट आहे, पुन्हा बसवलात तरी पुन्हा तुटेल, असं म्हणाली."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. म्हणून आधी गुडघ्याबद्दल लिहिते, तेवढं मला नीट येतं.

मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून तिरकं बांधणारा एक दोर असतो, जेमतेम करंगळीएवढा. नडगीला पुढे सरकू न देणं हे त्याचं मुख्य काम. तो तुटला की नुसतं शिवून सहसा भागत नाही. म्हणून पहिल्या ऑपरेशनात सर्जननी तुझ्या मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढली, दुमडून जाड केली, हाडांना भोकं पाडून त्यातून ओढली आणि स्क्रूने पक्की केली. हा नवा दोर सुरुवातीला उलट कमजोर होत जातो. त्यात रक्त पोचायला, तो जिवंत व्हायला महिनेच्या महिने लागतात. दुखणं मात्र केव्हाच थांबलेलं असतं. पेशंटला वाटतं, झालो बरा. त्याला आवरून धरायचं काम आमचं.

सर्जननी त्यांचं काम चोख केलं होतं. तू पडल्यानंतरचा एमआरआय मी स्वतः पाहिला, भोकं हवीत तिथेच आहेत. तुझ्या गुडघ्यात काडीची खोट नाही.

मग नवा दोर तुटला कसा? तू सगळ्यांना सांगत सुटलीस, मीच घाई केली. कोचना, टीमला, बाबांना. त्या दिवशी जेवताना बाबा तुझ्यावर केवढे खेकसले, "कुणी सांगितलं होतं इतक्यात उड्या मारायला?" तू खाली मान घालून बसलीस. मी पाणी वाढत होते. तुझा ग्लास भरलेला होता तरी त्यात ओतलं, सांडलं, फडकं आणायला आत गेले आणि बाबांचं बोलणं संपेपर्यंत आतच राहिले.

कुणी सांगितलं होतं? मी.

तुझी उडीची चाचणी मी घेतली, आमच्या कॉरिडॉरमध्ये, जमिनीवर टेप चिकटवून. एका पायावर उडी, त्याच पायावर उतरायचं, तीनदा. आधी चांगला पाय, मग ऑपरेशनचा. ऑपरेशनचा पाय चांगल्याच्या नव्वद टक्के भरला की खेळायला परवानगी. तुझा चांगला पाय एकशे अठरा सेंटिमीटर गेला, ऑपरेशनचा एकशे सात. नव्वदच्या वर. मी सही केली. तू मला उचलून गरागरा फिरवलंस आणि मी ओरडले, "अगं बये, गुडघा!"

पण सहा महिने बसून चांगला पायही ढिला पडतो गं. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींकडून मी हे पहिल्याच आठवड्यात घोकून घेते: चांगल्या पायावर विश्वास ठेवायचा नाही, दुखापतीआधीचं माप काढायचं. तुझं ते माप होतं. गेल्या हंगामाच्या सुरुवातीला मीच घेतलेलं, त्याच फाईलमध्ये, आदल्या पानावर. एकशे बेचाळीस. त्याच्याशी ताडलं तर तुझा पाय पंचाहत्तर टक्क्यांवर होता.

विसरले, असं म्हणून सुटता आलं असतं. विसरले नव्हते. सही करण्याआधी ते पान उघडलं होतं, आकडा वाचला होता आणि पान उलटलं होतं.

तुझा उतरलेला चेहरा बघवत नव्हता, असं स्वतःला तीन आठवडे सांगून पाहिलं. ते थोडंसं खरं आहे. जास्त खरं हे, की कोच दारात उभे होते आणि मला हवं होतं की त्यांनी बाहेर जाऊन सांगावं, हिने बहिणीला सहा महिन्यांत पुन्हा व्हॉलीबॉलच्या मैदानात उतरवलं. त्यांनी सांगितलंही. मला फार बरं वाटलं. नवव्या दिवशी तू नेटखाली पडलीस.

मला लाज वाटते. तू पडलीस याची वाटतेच. पण माझ्या चुकीचं खापर तू स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलंस आणि मी घेऊ दिलं, याची जास्त वाटते.

आता कामाचं. आज सकाळी सर्जनना दोन्ही पानं दाखवली. विभागप्रमुखांना लेखी दिलं. बाबांनाही सांगितलं. ते हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "आणि मी तिला बोललो." मग उठूनच गेले.

गुरुवारची वेळ सर्जन बुधवार संध्याकाळपर्यंत राखून ठेवणार आहेत. यावेळी दोर गुडघ्याच्या वाटीखालच्या पट्टीतून घेतील. नंतरचे व्यायाम मी घेणार नाही. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या एक बाई घेतील. महाखडूस आहेत, तू कितीही लाडीगोडी लावलीस तरी वेळेआधी सोडणार नाहीत. तुझी सगळी मापं त्यांना पाठवली आहेत.

ऑपरेशन नकोच असेल तर नको. खेळायचं नसेल, तरी तुझी मर्जी. माझं तोंड बघायचं नसेल, तर तेही मी समजू शकते. फक्त जे ठरवशील ते खोट तुझ्यात आहे असं धरून ठरवू नकोस. तू नियमाने व्यायाम केलेस, परवानगी मागितलीस आणि माझ्यावर विश्वास ठेवलास. तुझ्याकडून एवढंच झालं.

आता राग काढायला तुला योग्य माणूस मिळालं आहे. कसर ठेवू नकोस.

तरीही तुझीच,
ताई