राधिकेची बाटली सुटली, त्याची हकीकत

मु. सिद्धेश्वर, ता. औंढा
दि. १९ ऑगस्ट २००३

सन्माननीय व्याही तातेराव यांना रामकिशनचा दोन्ही हात जोडून रामराम.

आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत. तुमचा खोकला कसा आहे? विहीणबाईंचे गुडघे पावसाळ्यात जास्त दुखतात असं जावईबापूंकडून कळलं. हळद घालून कोमट तेल चोळावं. (वसमतच्या माणसाला हळदीचं मी काय सांगावं, पण व्याही म्हटल्यावर काहीतरी सांगावंच लागतं.) धरणात पाणी बरं आलंय. शेळ्या ठीक आहेत. आता मुद्द्यावर येतो, कारण हे पत्र लिहिण्यासाठी मी सकाळपासून मिशीला पीळ देत बसलो आहे.

राधिकेची बाटली सुटली.

जावळाच्या दिवशी पंचवीस माणसांच्या पंगतीत तुम्ही काय बोलला होता ते तुमच्या ध्यानात असेलच. माझ्या तर आहेच. पोळ्यापर्यंत पोरीची बाटली सुटून ती अन्नाला लागली नाही, तर माझ्या सत्यशीलेचं डी.एड. पुरे, दुसऱ्या वर्षाला न बसता तिनं हिंगोलीचं वसतिगृह सोडून लेकरापाशी यावं. आणि सुटलीच, तर तिनं खुशाल मास्तरीण व्हावं, नात आम्ही वसमतला नेऊ. शेवटी वरण वाढून घेता घेता म्हणालात, "पर तुमच्यानं काय ते व्हनार न्हाई, रामकिशनराव." मी त्या दिवशी जिलेबीला हात लावला नाही. तुम्हाला वाटलं असेल, दात दुखत असतील. दात दुखत नव्हते.

आता कबूल करतो, सुरुवातीला मी हात टेकले होते. विहीणबाईंनी बाटल्या उकळायचं आपल्याला जमणार नाही असं सांगितल्यावर पोर सातव्या महिन्यात आमच्याकडे आली, तेव्हाच मी मनात म्हटलं, तीस वर्षांत शेकडो करडं दुधावरून पाल्यावर आणली, त्यात ही एक नात ती काय. पण करडाला रागवायची अक्कल नसते, राधिकेला आहे. पहिल्या दिवशी मी बाटली ज्वारीच्या कणगीमागं लपवली आणि वाटीत दूध घेऊन बसलो. तिनं वाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि वाटी अशी उडवली की सगळं दूध माझ्या धोतरावर. मग तिनं असा आवाज लावला की समोरचे चाँद पाशा दुकान उघडं टाकून धावत आले. "काहून रडवून राहिले लेकराला?" असं त्यांनी मलाच दरडावलं आणि बाटली कुठं आहे ते आमच्या मंडळीला, पंचफुलाला विचारून स्वतः काढून दिली. शेजारी असे असल्यावर शिस्त कशी लागायची?

मग मी माझ्या धंद्यातला उपाय केला. करडू आईचं पिणं सोडत नसेल तर आम्ही शेळीच्या सडांना शेण फासतो. (घाबरू नका, तुमच्या नातीला मी शेण लावलं नाही. पंचफुला विळी घेऊनच बसली होती.) शेणाऐवजी कडुलिंबाचा पाला वाटून बाटलीच्या रबरी बुचाला लावला. राधिकेनं तोंड वाकडं केलं, डोळे मिटले, अंगावर शहारा आणला आणि पुन्हा ओढायला लागली. चवथ्या दिवशी पंचफुलानं बूच धुऊन दिलं तर पोर बाटली फेकून द्यायला लागली. तिला कडूच हवं. पुढचे दोन दिवस तुमचे व्याही पहाटे उठून नातीसाठी लिंबाचा पाला ओरबाडत होते हे गावात कुणालाही विचारा, सगळ्यांनी पाहिलं आहे.

जेवणाची तर वेगळीच तऱ्हा. मऊ भात दिला, तिनं तो माझ्या मिशीवर परत पाठवला. ज्वारीच्या कण्या शिजवून दिल्या, त्या कोंबड्यांनी खाल्ल्या. केळं दिलं, ते तिनं केसांना लावलं. सत्यशीला रविवारी आली, हे सगळं पाहिलं, आणि पोरीला मांडीवर घेऊन हळूच म्हणाली, "बापू, मी येते घरी. ऱ्हाऊ द्या शाळा." बारावीला औंढ्याच्या केंद्रात पहिली आलेली माझी लेक. व्याही, त्या दिवशी मला घास गेला नाही. तुम्हाला हे कळवायचं नव्हतं, पण आता जिंकलोच आहे तर कळवतो.

तर असा सगळीकडून हरलेलो असताना आमची काबरी शेळी व्याली. दोन करडं. एकाला तिनं जवळ केलं, दुसऱ्याला लाथ मारली. दुसरं थंडीनं थरथरत होतं, तोंड उघडत होतं, आणि माझ्या हाताशी त्या घटकेला एकच बाटली होती. मी विचार केला नाही. (माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही केला नसता. तुम्ही साखर कारखान्यात कारकून होता, म्हणून कदाचित केला असता.) राधिकेची बाटली सरळ करडाच्या तोंडात घातली. ते चुरूचुरू प्यायला लागलं आणि मागून पंचफुलाचा आवाज आला, "माणसाच्या लेकराची बाटली शेळीच्या तोंडात? आता ती पोरीला द्यायची न्हाई म्हंजे न्हाई." दुसरी बाटली मिळायची ती औंढ्याला, आणि एस.टी. निघून गेलेली.

झालं. राधिका उपाशी, बाटली बाटलेली. मी रडं ऐकायच्या तयारीनं तिला अंगणात आणून करडापाशी बसवलं. ती रडली नाही. करडू पीत होतं, ती बघत होती. मी दुधात कुस्करलेल्या भाकरीचा एक घास असाच तिच्या ओठाला लावला, तर तो आत गेला. करडानं एक घोट घेतला की हिचा एक घास. करडू थांबलं की ही थांबायची, ते प्यायला लागलं की हिचं तोंड उघडायचं. वाटी संपली. मी पुन्हा भरली, तीही संपली. व्याही, मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

त्याला आज एकवीस दिवस झाले. आता ती फुलपात्र दोन हातांनी धरून दूध पिते. चतकोर भाकर दुधात, मुगाचं वरण, मऊ भात, भोपळ्याची भाजी, काहीही टाकत नाही. अंगणवाडीच्या मनकर्णाबाईंनी वजन केलं, आठ किलो नऊशे भरलं, आणि कार्डावरची रेघ वर चढली. कार्ड सोबत पाठवत आहे. पंगतीतल्या पंचवीसही माणसांना दाखवावं. सत्यशीलेनं दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरला. पोळा आठ दिवसांवर आहे आणि तुमचा शब्द तुमच्यापाशी आहे.

विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद.

आपला (जिंकलेला)
रामकिशन

ता.क. तुम्ही पोळ्यानंतर राधिकेला न्यायला येणार, ते कबूल. फक्त एक अडचण आहे. तिला जेवताना समोर करडू लागतं. तेव्हा करडूही न्यावं लागेल. तुमच्या परसात पेरूखाली जागा आहे.

ता.क. दुसरा. करडू माझ्या हाताशिवाय पीत नाही, दुसऱ्याला ढुशी मारतं. म्हणजे करडाबरोबर मलाही यावं लागेल. लेकीच्या घरी बापानं मुक्काम करू नये ही रीत मला ठाऊक आहे, आमच्या घराण्यात कुणी केला नाही. पण मी सत्यशीलेचा बाप म्हणून येणार नाही, करडाचा राखणदार म्हणून येईन. ओट्यावर झोपेन. त्याला कुणी नाव ठेवणार नाही.

ता.क. तिसरा. पंचफुला हे वाचून म्हणते, खोटं लिहून लेकीच्या सासरी पाठवू नका. तर खरं लिहितो. करडू कालच मनकर्णाबाईंच्या हातून प्यालं, चाँद पाशांच्या हातूनही प्यालं. राधिका चार दिवसांपासून करडाकडं पाहतही नाही, एकटी बसून जेवते. पण घास घ्यायच्या आधी एकदा मान वळवून मी कुठं आहे ते बघते. ओट्याचं काय ते कळवावं.