पोळीचं दुपटं

३ सप्टेंबर, गुरुवार
हात तीनदा धुतले, वास जात नाही — आणि जाऊही नये! आमच्या प्रसूती वॉर्डासमोर बुरिटोचं दुकान निघालंय. दारावर हलालची पाटी, तरी आपाने आत जाऊन दोनदा विचारलं. थोरली बहीण ती, पाटीवर भरवसा ठेवील तर शपथ. भात, राजमा, कोंबडी, आंबटसर मलई, सगळं एका भल्यामोठ्या पोळीत! मालक स्वतः गुंडाळून देतो. पण काय ते गुंडाळणं! पहिल्याच घासाला सगळा ऐवज माझ्या मांडीवर. आपा हसून बेजार.

५ सप्टेंबर, शनिवार
परत गेले. परत फुटला.

९ सप्टेंबर, बुधवार
आज राहवलंच नाही. हातमोजे मागितले आणि म्हटलं, सरका. बावीस वर्षं बाळं गुंडाळतेय, पोळीनेच काय घोडं मारलंय? खालचं टोक वर, डावं आत खोचलं, उजवं ओढून घेतलं. आणि — लिहायलाही लाज वाटते — सवयीने दोनदा थोपटलं. बुरिटोला!
मालक बघतच राहिला. मग म्हणाला, "सिस्टर, परत एकदा दाखवा."
सिस्टर म्हणाला ते गणवेशामुळे. फक्त गणवेशामुळे.

१४ सप्टेंबर, सोमवार
आता रोज धडा! जेवणाची गर्दी ओसरली की मी काउंटरच्या आत. चाळिशी उलटली आणि काजळ घालून ड्यूटीला जातेय. आपाच्या नजरेतून सुटतंय थोडंच? म्हणाली, गुडघ्याला बाशिंग बांधू नकोस.
बांधलंय. दोन्ही गुडघ्यांना.

१७ सप्टेंबर, गुरुवार
इतकं मन लावून शिकणारा माणूस पाहिला नाही. विचारतो काय, तर घट्ट गुंडाळलं तर आतलं गुदमरणार नाही ना? मी खो खो हसले. राजमा गुदमरतोय म्हणे! तो मात्र हसला नाही. दोन बोटं आत जातील इतकं सैल ठेवा, मी सांगितलं. त्याने बोटं घालून पाहिली. मग माझ्यासारखंच थोपटलं, दोनदा. घरी कशी आले, आठवत नाही.

२१ सप्टेंबर, सोमवार
आपा म्हणते, झुरत बसण्यापेक्षा सरळ विचारून टाक. शनिवारी विचारते. ठरलं!

२६ सप्टेंबर, शनिवार
दुकानाला कुलूप. हिरमुसून ड्यूटीवर आले. तीन वाजता एक मुलगी झाली, गोरीगोमटी, आवाज खणखणीत. बाहेर जाऊन विचारलं, बाळाचे बाबा कोण? तो उठला.
"आधीची दोन गेली, सिस्टर. म्हणून कुणाजवळ बोललोच नाही."
आत पाळण्याशी आल्यावर दुपटं माझ्या हातातून घेतलं. खालचं टोक वर, डावं आत, उजवं ओढून. दोन बोटं घालून पाहिली. दोनदा थोपटलं.
कपड्यांच्या खोलीत जाऊन रडले, खोटं कशाला बोलू. पण घडी कुठेही सुटली नव्हती.