भाऊंची अर्धी पत्रिका

॥ श्री ॥

लोणावळा,
दि. २७ जानेवारी २०२५

ती. स्व. सौ. मावशीस,
कोमलचा सा. न. वि. वि.

तुझं पाकीट मिळालं. खेळातल्या पत्त्याएवढ्या कागदावर वालाचा अख्खा वेल, फुलांसकट आणि शेंगांसकट, कसा गं बसवलास? हॉटेलात रिसेप्शनवर बसून दोनदा बाहेर काढून पाहिला. मॅनेजर विचारत होते की हे विकत कुठं मिळतं. त्यांना सांगितलं, आमच्या कार्डं बदलणाऱ्या मंडळाचा पहिला नियमच तो आहे, कार्ड विकायचं नाही आणि फुकटही द्यायचं नाही. स्वतःच्या हातानं केलेलं द्यायचं आणि दुसऱ्याच्या हातचं घ्यायचं. एकदा बदललं की परत मागायचं नाही. आणि सोबत हातानं लिहिलेलं पत्र हवंच, म्हणून तर तुला ही लेखणी झिजवायला लावली आहे.

पुढची अदलाबदल अठरा फेब्रुवारीला मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, माझ्याच घरी आहे. तुझी चार-सहा कार्डं हवीत. महागाचा कागद आणू नकोस. घरात जुन्या लग्नपत्रिका ढिगानं पडल्या असतील, त्या कापून वापर. मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं की झालं काम.

प्रज्ञेशच्या लग्नाची तयारी कुठवर आली? आई विचारत होती की या वेळी तरी श्रीपती भाऊ येणार का. सख्खा चुलता सोमाटण्यात आणि पुतण्याची हळद वराळ्यात, आणि मधे एवढी वर्षं अबोला, हे तिला बघवत नाही.

काकांना नमस्कार सांग. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
कोमल

॥ श्री ॥

वराळे,
दि. ७ फेब्रुवारी २०२५

चि. कोमल हिस,
रतनबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सहा कार्डं पाठवली आहेत. नीट ठेव, भज्यांच्या बशीत नको. या वयात रंगाच्या डब्या घेऊन बसते म्हणून तुझे काका हसतात, पण परवा स्वतःच म्हणाले, रतन, त्या बगळ्याचा पाय लय बारीक झालाय. म्हणजे बघतात चोरून.

तू सांगितलंस तसं कपाटातून पत्रिकांचा गठ्ठा काढला. आपल्या थोरल्या लेकीच्या, स्नेहलच्या लग्नातल्या उरलेल्या, त्याच गुलाबी रंगाच्या, त्याच गणपतीच्या. सगळ्यात वर श्रीपती भाऊजींच्या नावाची होती, ह्यांच्या अक्षरात ‘ती. भाऊस’ असं लिहिलेली. तुला ठाऊक आहे ना ती गोष्ट? स्नेहलच्या पत्रिकेत छापखान्यानं ह्यांचं नाव वर घातलं आणि थोरल्या भावाचं खाली. भाऊजींनी ती पत्रिका तशीच परत पाठवली आणि लग्नाला आले नाहीत. नऊ वर्षं झाली, त्यांनी आमचा उंबरा ओलांडलेला नाही. ती परत आलेली पत्रिका हातात घेतल्यावर मला काय वाटलं कोण जाणे, म्हटलं, काटा किती दिवस जपायचा? घेतली कात्री आणि कापली मधोमध. एका तुकड्यावर आंब्याचा मोहोर काढला. बाकीचा गठ्ठाही कापून ठेवला, आता पावसाळ्यापर्यंत कागदाला मरण नाही.

प्रज्ञेशच्या पत्रिकेत भाऊजींचं नाव सगळ्यात वर आहे. ह्यांनी प्रुफं तीनदा तपासली. म्हणतात, ह्या टायमाला भाऊची पत्रिका म्या सोता घिऊन जानार. जातो जातो म्हणतात आणि पायात चप्पल घालून ओट्यावरच बसतात. भाऊजी आले नाहीत तर पोराच्या डोक्यावर अक्षता पडताना ह्यांचं लक्ष मांडवाच्या दाराकडेच राहील, याचीच मला धास्ती आहे.

जेवत जा वेळेवर. आठवण झाली की लिही, नाही झाली तरी लिही.

तुझी मावशी,
रतनबाई

॥ श्री ॥

लोणावळा,
दि. १९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सौ. मावशीस,
कोमलचा सा. न. वि. वि.

आधी चांगलं सांगते. काल माझ्या पलंगावर सगळ्यांची कार्डं मांडली आणि तुझी सहा पहिल्या पाच मिनिटांत उडाली. मोहोराचं कार्ड सोमाटण्याच्या रशिदाआपांनी पटकावलं. त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. त्यांनी बदल्यात कापडी कार्ड दिलंय, त्यावर दोऱ्यानं टिपलेली इवलीशी चिमणी आहे. सोबत पाठवते आहे. बदल्यात मिळालेली बाकीचीही पाकिटात आहेत.

आता वाईट. बगळ्याचं कार्ड मी स्वतः घेतलं. रात्री ते उलटून बघितलं तर मागं छापलेलं होतं: चि. प्रज्ञेश, रविवार दि. ९ मार्च २०२५. मावशी, स्नेहलताईच्या लग्नात प्रज्ञेश आठवीत होता. तिच्या पत्रिकेवर त्याचं लग्न कसं छापून येईल?

तू कोणत्या पत्रिका कापल्यास गं?

फोन करणार होते, पण तुमचा फोन काका उचलतात आणि स्पीकरवर टाकतात. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं टाकते आहे. मिळालं की कपाट बघ आणि लगेच कळव. जीव टांगणीला लागला आहे.

तुझी,
कोमल

॥ श्री ॥

वराळे,
दि. २१ फेब्रुवारी २०२५

चि. कोमल हिस,
मावशीचे आशीर्वाद.

माझी मेलीची मती मारली गेली होती. कोमल, मी माझ्याच पोराच्या लग्नाच्या पत्रिका कापल्या.

स्नेहलचा संसार चांगला झाला म्हणून ह्यांनी हट्टानं तोच छापखाना धरला, तोच गुलाबी कागद आणि तोच गणपती. शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी. हळूच विचारलं तेव्हा कळलं की जुन्या पत्रिका ह्यांनी केव्हाच इंद्रायणीत सोडल्या होत्या, भाऊजींची परत आलेलीसुद्धा. मी कापला तो सोमाटण्याच्या भावकीचा गठ्ठा. आणि ‘ती. भाऊस’ लिहिलेली पत्रिका जुनी नव्हती, नवी होती. नऊ वर्षांनी ह्यांनी भावाला लिहिलेलं पहिलं अक्षर. त्याच्याच पाठीवर मी मोहोर काढला आणि त्या अक्षराखाली स्वतःचं नाव टाकून मोकळी झाले!

भावकीच्या पत्रिकांचं काही नाही. प्रज्ञेशला कानात सांगितलंय, तो पुन्हा छापून आणील. पण ह्यांना कसं सांगू? लग्नाआधी पत्रिकेला कात्री लागणं हा अपशकुन मानतात. ह्यांचा तर मांजर आडवं गेलं तरी पाय मागं येतो. आधीच अवसान गोळा करून बसलेला माणूस, हे कळलं की म्हणेल, देवाच्याच मनात न्हाई, आणि चप्पल काढून ठेवील. मग भाऊजी जन्मात यायचे नाहीत आणि दोष माझ्या कात्रीचा.

तुझा नियम मला ठाऊक आहे, बदललेलं परत मागायचं नाही. पण त्या रशिदाबाईंच्या पाया पड आणि मोहोराचं कार्ड आण. निदान ते अक्षर तरी परत येऊ दे. कार्ड करण्याचा नाद लावलास तो तूच, आता निस्तरायलाही ये.

कात्री कुलपात ठेवलेली,
मावशी

॥ श्री ॥

लोणावळा,
दि. २४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सौ. मावशीस,
कोमलचा सा. न. वि. वि.

आधी पाणी पी, मग वाच.

रशिदाआपांना काल फोन केला. कार्ड त्यांच्याकडे नाही. ते भाऊंकडे आहे.

झालं असं. आपा मिळालेली सगळी कार्डं दुकानात मशीनसमोर दोरीला चिमट्यांनी लावतात. त्यांच्याच गल्लीतले श्रीपती भाऊ नव्या नेहरू शर्टाचं माप द्यायला आले होते. आपांनी विचारलं, कुणाचं लगीन काढलंय भाऊ? तर म्हणाले, कुणाचं न्हाई, असाच. माप घेता घेता पंख्याच्या वाऱ्यानं कार्ड उलटं झालं आणि भाऊंना मागचं अक्षर दिसलं. हात वर धरलेले तसेच राहिले, म्हणतात. मग म्हणाले, ह्ये मला द्या.

आपाही आपाच! त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं, फुकट देता येत नाही भाऊ, नियम आहे, तुमच्या हातचं एक आणा आणि हे घेऊन जा. भाऊ चिडले, म्हाताऱ्या मानसाची चेष्टा करता व्हय, असं म्हणून तडक निघून गेले. आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी पायरीवर हजर! चहाच्या पुड्याचा पुठ्ठा कापून आणला होता, त्यावर बॉलपेननं चित्र. आपांना आधी वाटलं हत्ती आहे. भाऊ म्हणाले, म्हस हाय ती, नदीत उतरलेली. तिच्या पाठीवर दोन पोरं आहेत. म्होरं बसलाय तो मी, आन् मागनं मला गच्च धरलंय तो आमचा धाकटा, महिपती, पान्याला लय भ्यायचा.

आपांनी चिमटा काढून मोहोराचं कार्ड त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हैस दोरीला लावली.

मावशी, ते रागावलेत की नाही हे आपांना सांगता येईना. एवढंच म्हणाल्या की कार्ड वरच्या खिशात ठेवलं आणि शर्ट लौकर शिवायला सांगितला. मला वाटतं तू काकांना खरं सांगून टाकावंस. ते घाबरण्याआधी भाऊ येऊन पोचले तर बरं.

जीव मुठीत धरून,
तुझी कोमल

॥ श्री ॥

वराळे,
दि. २७ फेब्रुवारी २०२५

चि. कोमल हिस,
मावशीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी लाडवांचं पीठ भाजत होते. ह्यांना कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव चालली होती, तोवर फाटक वाजलं. बघते तर भाऊजी. नवा पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. पीठ तिथंच करपलं, ते करपू दे.

हे ओट्यावर होते. उठून उभे राहिले, पायात चप्पल होतीच. भाऊजींनी खिशातून कार्ड काढलं आणि मोठ्यानं विचारलं, माझी पत्रिका कापली कुनी? मी डोक्यावरचा पदर सावरला आणि पुढं झाले. म्हटलं, मी कापली, चुकून कापली, काय बोलायचं ते मला बोला. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. भाऊजींनी माझ्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, अर्दीच पोचली. बाकीची अर्दी कुटं हाय? पोराच्या लग्नाचा टाइम तिच्यात असंल.

मला आधी हसू आलं की रडू, ते आठवत नाही. हे मात्र ओट्याच्या कडेला बसून लहान मुलासारखे रडले. कसेबसे म्हणाले, भाऊ, लग्नाच्या पत्रिकेला कात्री लागली, अपशकुन झाला. त्यावर भाऊजी केवढ्यांदा ओरडले! म्हणाले, कागुद कापला म्हंजी लगीन कापलं का? आपल्या बानं कुटं पत्रिका छापलेली? दारात हुबं राहून आवतान द्यायचा, आन् गाव लोटायचं. आन् कापली नसती तर तू आला असतास का माझ्या दारी, का हितंच चपला झिजवल्या असत्यास? ह्यांनी उठून भाऊजींना हात धरून आत नेलं.

भाऊजी जेवून गेले. दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि आमटीत मीठ कमी आहे हेही सांगितलं. आता रोज येतात. मांडव कुठं घालायचा, आचारी कोण, पाण्याचा टँकर कधी, सगळं त्यांच्या शब्दानं. प्रज्ञेश म्हणतो, आई, लग्न माझं आहे ना?

आणि एक ऐक. त्या म्हशीच्या कार्डाचं ह्यांना कळलं. आता ते हवंय. रशिदाबाईंनी फोनवर नियम सांगितला. तेव्हापासून तुझे काका माझे रंग घेऊन खोलीचं दार लावून बसलेत. मला आत येऊ देत नाहीत.

तू चार दिवस आधी ये, रशिदाबाईंनाही आण. माझं मन आज एवढं भरलंय की थोडं तुझ्यासाठी पाकिटात घातलंय असं समज.

तुझी मावशी,
रतनबाई

॥ श्री ॥

वराळे,
दि. २ मार्च २०२५

चि. कोमल हिस,
श्रीपती अंबाजी याचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, नवीन पत्रिका अद्याप छापून झालेल्या नाहीत आणि होतील असे दिसत नाही. मी छापखान्यात फोन करून सांगितले की महिपतीचे नाव वर घाला, पोराचा बाप तो आहे. अर्ध्या तासाने महिपतीने फोन केला की भाऊचे नाव वर घाला. मी पुन्हा केला. त्याने पुन्हा केला. छापखानेवाल्याने हात जोडले आणि सांगितले की तुम्ही दोघे आधी ठरवा, मग मी मशीन चालू करतो. काल यावरून आमचे चांगलेच भांडण झाले. रतनबाईने दोघांना ताटावर बसवले तेव्हा मिटले, पण तो ऐकत नाही. लहानपणापासून हट्टी आहे.

तेव्हा पत्रिकेची वाट पाहू नये. सोमाटण्याच्या भावकीला मी घरोघर जाऊन आवतण दिले. तू लांब राहतेस म्हणून हे पत्र. आमच्या घरी चि. प्रज्ञेश याचा विवाह रविवार दि. ९ मार्च रोजी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी वराळे येथे योजिला आहे. तुम्ही सर्वांनी यावे. कार्डे करणारी तुझी मंडळी असतील त्यांनाही आणावे, जेवण भरपूर आहे. आहेर आणू नये.

हे पत्र महिपतीने वाचायला मागितले होते. दिले नाही. तो खालची नावे खोडील. तूही लग्नात त्याला दाखवू नयेस.

आपले विनीत,
महिपती अंबाजी
श्रीपती अंबाजी