बाजाराची कोनशिला झिजली त्याची हकिगत

ती. आत्यास,

कंबर धरून जमेल तितका वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? सूनबाईंशी बोलणं सुरू झालं का? (नसेल तर राहू दे, घरात तेवढीच शांतता.) मी आहे, पण पार थकलोय.

तर झालं असं, की आपला नदीकाठचा बाजार पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायचं नगरपालिकेच्या मनात आलंय. गोऱ्या साहेबाच्या काळातला आहे असं सिद्ध झालं तरच वाचेल, नाहीतर तुझ्या ओट्यासकट सगळं जमीनदोस्त, आणि मी या वयात मासळी घेऊन बसू कुठे? म्हणून बाजाराचा इतिहास लिहायचं ठरलं, आणि माझं अक्षर बरं असल्याच्या गुन्ह्याखाली ते काम माझ्या गळ्यात पडलं. मटणवाला म्हणतो, साहेबाला रोज मांस लागायचं म्हणून बाजार त्याच्या पणजोबासाठीच बांधला. भाजीवाल्या म्हणतात, काठाला पहिल्या नावा लागल्या त्या भाजीच्या, बाकीचे मागून घुसले. आपल्या मासेवाल्या म्हणतात, मडमेला वास सहन होईना म्हणून आपल्याला बंगल्यापासून हाकलून नदीवर बसवलं, वर पत्रे ठोकले आणि त्यालाच बाजार म्हणाले. (मला हेच खरं वाटतं. आपल्यासाठी कोणी मुद्दाम काही बांधेल, हे पटत नाही.) वजनं हातात घेऊन इतिहास सांगतात गं लोक! मी आपलं सगळ्यांचंच खरं धरून लिहिलं, तर सगळेच रुसले.

मग जुन्या इमारती तपासणारे अधिकारी आले. म्हणाले, हे कागद राहू द्या, कोनशिला दाखवा. आता कोनशिला म्हणजे पायऱ्यांजवळचा तो काळा दगड, ज्यावर तू, आजी आणि आजीची सासू कोयत्याला धार लावल्याशिवाय पहिलं गिऱ्हाईक घेत नव्हतात! पिढ्यान्‌पिढ्या घासून अक्षरं साफ गेलेली. अधिकाऱ्यांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. एक खवला तेवढा चिकटलेला होता. पुन्हा येतो म्हणाले. तेवढ्यात आपल्या लोकांनी हुशारी करून नवी कोनशिला कोरून आणली, चकचकीत संगमरवरी. साल जुनं घातलं, पण कोरणाऱ्याने सवयीने खाली स्वतःचा मोबाइल नंबरही टाकला. परत आलेले अधिकारी ती पाहून हसलेसुद्धा नाहीत. मला मात्र रडू आलं, आत्या, खरंच सांगतो. त्या ओल्या फरशीवर मी चालायला शिकलो. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, त्या काळातलं जुनं माणूस तरी कोणी आहे का?

बाकी काय लिहू? हात दुखतोय. तब्येतीला जप.

तुझा दमलेला भाचा

ता. क. : आहे, असं मी सांगून बसलोय. गोऱ्या साहेबाने फीत कापली तेव्हा तू अगदी पुढे उभी होतीस. त्या हिशेबाने तुझी शंभरी कधीच उलटलीय, तेव्हा जरा तसं दिसायचं बघ. कवळी काढून ठेव. आणि धार लावायचं अवाक्षर काढू नकोस.

आणखी एक ता. क. : हे बंद पाकीट घेऊन दारात उभे असलेले गृहस्थ म्हणजेच ते अधिकारी. त्यांना चहा दे, पाणी दे, पण चष्मा सापडत नाही म्हणून पत्र त्यांच्याकडून वाचून घेऊ नकोस.