मधल्या भिंतीतले रिकामे कप्पे

पोर्ट पिरी,
फेब्रुवारीतला शेवटचा रविवार

प्रिय दामियाना,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते आधी टेबलावर आपटलं असशील आणि रेनाटाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली असशील, "हिला आता काय हवंय?" सांगते. पण पत्राच्या शेवटी सांगते, कारण आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. मी तुझी धाकटी बहीण आहे, तुला चांगली ओळखून आहे. पाय वर घेऊन बस. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये चढउतार करून तुझा गुडघा काय म्हणत असेल, ते मला इथे बसून ऐकू येतं.

रेनाटाचा फोन आला होता. तिला रागावू नकोस, तुझ्या पोरीनं काळजीपोटी केला. तू अॅडलेडमधल्या एका वृद्धाश्रमातली खोली बघून आलीस म्हणे. खोली स्वच्छ आहे, जेवण वेळेवर मिळतं, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. मार्चच्या मध्यापर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. समुद्र बघत वाढलेली बाई म्हातारपणी उभ्या गाड्या बघत बसणार, हे ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं आणि मग फोन ठेवून मी कागद शोधायला उठले.

तर बातमी अशी की आईच्या जागेवरचं घर उभं राहिलं. जुन्या घराचे ते विषारी अॅस्बेस्टॉसचे पत्रे अंगभर पांढरे कपडे घातलेली माणसं येऊन घेऊन गेली. अंजिराचं झाड मी वाचवलं, त्यासाठी क्रेनवाल्या मर्व्हशी दोन दिवस भांडले. घर आपण ठरवलं होतं तसंच आहे. म्हणजे तू ठरवलं होतंस तसं. एक छप्पर, दोन बिऱ्हाडं, पुढे दोन वेगळी दारं. आईच्या अंत्यविधीनंतर क्लबाच्या हॉलमध्ये सगळ्या नातेवाइकांसमोर तू म्हणाली होतीस, "मध्ये भिंत घाल, नुन्झिया. छतापर्यंत घाल. मला तुझं तोंड दिसायला नको." घातली. छतापर्यंत घातली. या गावात माझ्याइतकी सरळ भिंत दुसरं कुणी उभी करत नाही, तेव्हा तुझी इच्छा अगदी ओळंब्यात पुरी झाली आहे.

माझ्या भिंतींना तू नेहमी नावं ठेवलीस. प्लास्टरच्या, आतून पोकळ, कारखान्यात ओतून ट्रकवर उभ्या उभ्या येणाऱ्या. "केकवरच्या साखरेचं घर" म्हणायचीस. बाबा होडीवरून आले की तुझीच री ओढायचे, फुंकर मारली तर पडेल म्हणायचे. तुम्ही दोघांनी त्या भिंती नुसत्या आल्या आल्या पाहिल्यात, रिकाम्या. दोन पातळ कातड्या आणि मध्ये ओळीनं उभे कप्पे, एवढंच तेव्हा असतं. खरं काम नंतरचं. क्रेननं एकेक भिंत उचलून जमिनीवर मारलेल्या निळ्या खडूच्या रेघेवर टेकवायची, टेकू द्यायचे आणि मग भिंतीला भिंत जोडायची.

खडूच्या रेघेवरून आपली लहानपणची खोली आठवते. तू मधोमध रेघ मारली होतीस. तुझा पलंग, तुझी खिडकी, तुझा आरसा. माझ्या वाट्याला दार आलं होतं, त्यामुळे बाहेर जायला तुला रोज माझी परवानगी लागायची, हे तुझ्या लक्षात यायला आठवडा लागला. पण त्या वर्षी आखातात वादळ झालं आणि संध्याकाळ झाली तरी बाबांची होडी आली नाही, तेव्हा तू रेघ ओलांडून माझ्या पलंगावर येऊन बसलीस. माझी वेणी सोडून पुन्हा घालत राहिलीस. होडी परत आली. दुसऱ्या दिवशी तू पुसट झालेली रेघ पुन्हा ठळक केलीस आणि मला म्हणालीस, "काल संध्याकाळचं कुणाला सांगायचं नाही." आजपर्यंत सांगितलेलं नाही.

आता जोडणीचं ऐक, कारण या आठवड्यात तिथेच घोळ झाला. एक भिंत जिथे दुसरीला जाऊन टेकते, तिथे दुसरीची कातडी वरपासून खालपर्यंत चिरून एक लांब पट्टी काढून टाकायची. मग इकडचा कप्पा आणि तिकडचा कप्पा आतून एकमेकांना उघडे होतात. त्यात सळया सोडायच्या आणि वरून काँक्रीट ओतायचं. ते या भिंतीतून त्या भिंतीत जातं, घट्ट होतं, आणि मग त्या दोन भिंती राहत नाहीत. पट्टी काढायची राहिली, तर दोन्हीकडचे कप्पे भरतात खरे, बोटानं ठोकलं तर दोन्हीकडून भरीव आवाज येतो, पण मध्ये ती कातडी तशीच. बाहेरून कुणाला कळत नाही. म्हणून माझा नियम आहे की कापलेल्या पट्ट्या फेकायच्या नाहीत, जिथे कापल्या तिथेच भिंतीच्या पायाशी ठेवायच्या. मी काँक्रीट ओतायच्या आधी एक फेरी मारते आणि पट्ट्या बघते.

गुरुवारी मी फेरी मारली नाही. उत्तरेचा वारा सुटला होता, सकाळपासूनच भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं होत होतं, काँक्रीटची गाडी लवकर येऊन थांबली होती, आणि लायलनं, म्हणजे माझ्या जोडणीवाल्यानं, "सगळं झालंय" म्हणून सांगितलं. लायल माझ्याकडे इतकी वर्षं आहे की त्याच्या शब्दावर मी छप्पर चढवते. ओतायला सुरुवात केली. हे काँक्रीट एका दमात ओतायचं नसतं, ओल्या वजनानं कातडी फुटते. एक तृतीयांश भाग ओतायचा, तासभर थांबायचं, मग पुढचा. त्या थांबायच्या वेळात आम्ही जेवतो. मी तळलेले मासे आणि पाव नेले होते, आईसारखे भरपूर लिंबू पिळून. अंजिराखाली बसलो होतो. तिथून तुझ्या बिऱ्हाडाच्या उघड्या दारातून मधली भिंत सरळ मागच्या भिंतीपर्यंत दिसते. घास तोंडात होता आणि माझ्या लक्षात आलं, तिच्या पायाशी पट्टी नाही.

"लायल," मी म्हटलं, "मधल्या भिंतीची पट्टी कुठे टाकलीस?"

तो आरामात चावत म्हणाला, "तिथे नाही कापली."

"नाही कापली म्हणजे?"

"बॉस, तुम्ही दोघी बहिणी बोलत नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तुझी बहीण म्हणाली होती ना, सगळं वेगळं पाहिजे. मला वाटलं भिंतसुद्धा बोलायची नाही."

मर्व्हला इतकं हसू आलं की त्याच्या घशात काटा अडकला आणि त्याच्या पाठीत बुक्के मारायला लायललाच उठावं लागलं. मला हसू आलं नाही. लायलवर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण त्यानं मन लावून, विचार करून, आपल्या दोघींचा मान राखायला म्हणून ती चूक केली होती. क्लबाच्या हॉलमधलं तुझं एक वाक्य गावभर फिरून माझ्या भिंतीत जाऊन बसलं होतं.

आता काय करायचं, तर दोन वाटा होत्या. मर्व्ह म्हणाला, "राहू दे की. दोन्ही भिंती आपापल्या पायावर उभ्या आहेत. छप्पर वर बसलं की कोण बघायला जातंय? पडायची नाही." तो खोटं बोलत नव्हता, इतक्यात काही ती पडली नसती. पण इथे जमीन उन्हाळ्यात आक्रसते आणि हिवाळ्यातल्या पावसानं फुगते. पाचसहा वर्षांत त्या कोपऱ्यात केसासारखी चीर आली असती, मग बोट जाईल एवढी, आणि तुझ्या बाजूनं पावसाचं पाणी आत आलं असतं. माझ्या आईच्या जागेवर मी असलं काम ठेवत नाही.

काँक्रीट अजून ओलं होतं, तासाभराचीच गोष्ट. माझ्या बाजूनं भिंतीची कातडी खालून कापली, लायल आणि मी गुडघ्यावर बसून ते सगळं काँक्रीट हातांनी, फावड्यानं, शेवटी मर्व्हच्या जेवणाच्या डब्यानं बाहेर ओढलं. आत पाण्याची नळी मारली. मग लायलनं खालून आत हात घालून आणि वरून लांब करवत सोडून मागच्या भिंतीची कातडी चिरली, खालपासून थेट वरपर्यंत, आणि पट्टी माझ्या पायाशी आणून ठेवली. शाळेत उशिरा वही देणाऱ्या पोरासारखा उभा राहिला. मी कापलेली कातडी परत बसवली, फळ्या ठोकून आधार दिला, पुन्हा ओतलं. या वेळी काँक्रीट एका भिंतीतून दुसरीत गेलं तेव्हा त्याचा आवाज मी कान लावून ऐकला. तुला सांगते दामियाना, ती मधली भिंत आता कुठेही जायची नाही. ज्या बाईनं ती मागितली तिचा राग एकवेळ जाईल, भिंत जायची नाही.

त्या दिवशी हात धुताना मला आईची आठवण आली. तू रागावलीस ते भिंतीवरून नाही आणि जमिनीवरूनही नाही, हे मला ठाऊक आहे. तू दर रविवारी अॅडलेडहून इतका प्रवास करून यायचीस, आईचे केस विंचरायचीस, आणि ती तुझ्याकडे बघून म्हणायची, "नुन्झिया, किती दमलीस ग." प्रत्येक वेळी नुन्झिया. तू एकदा नाव सांगितलंस, दोनदा सांगितलंस, आणि त्या ईस्टरला आर्टिचोकच्या भाजीची ताटली तशीच ठेवून उठून गेलीस. "या घरात माझं नावसुद्धा उरलेलं नाही" असं म्हणालीस. मी मागे धावत आले तेव्हा गाडीची काच वर होती.

काच खाली असती तर तेव्हाच सांगितलं असतं. सोमवार ते शनिवार मी तिच्याजवळ असायचे आणि सोमवार ते शनिवार ती मला दामियाना म्हणायची. "दामियाना, एप्रन सरळ कर. दामियाना, नुन्झिया कुठे उलथली? दामियाना, बाबांची होडी दिसते का बघ." मी रोज दामियाना होते. तुझ्या नावानं मी औषधं दिली, तुझ्या नावानं शिव्या खाल्ल्या. रविवारी तू आलीस की ती माझ्या नावानं तुला हाक मारायची. जी समोर असायची तिच्यात आई दुसरीला शोधत बसायची. शेवटच्या दिवशी मी तिच्याजवळ होते. तिच्या तोंडात नाव तुझं होतं. तू हेवा केलास तो माझा, आणि मी खोलीबाहेर उभी राहून तुझा केला, हेही आता लिहून टाकते.

मला तुझी आठवण येते. टोमॅटोचा रस्सा बाटल्यांत भरायचा दिवस परवाच झाला, झाकणं लावायला कुणी नव्हतं. मर्व्हला बसवला, त्यानं निम्मी वाकडी लावली.

आता मागायचं ते मागते. मधली भिंत भरताना मी स्वयंपाकघराशेजारचे चार कप्पे रिकामे सोडले आहेत, वर आडव्या सळया घालून तुळई ओतली आहे. चार कप्पे म्हणजे एका दाराची रुंदी. काँक्रीट भरलं की तिथे पुन्हा कधी दार होणार नाही, रिकामे आहेत तोवर हातकरवतीनंही होतं. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी व्हरांड्याचे खांब भरायला पंप परत येतो आहे. तू नाही म्हणालीस तर त्याच गाडीतून ते चार कप्पे भरीन, रंग दिल्यावर कुणाला कळणार नाही, आणि तुझ्या वेगळ्या दारावर येऊन सगळ्यांसारखी घंटी वाजवीन. माझ्या बाजूची कातडी मी कालच कापली, नाहीच म्हणालीस तर परत बसवता येईल. तुझ्या बाजूची शाबूत आहे, तिला लायललाही हात लावू दिलेला नाही. माझ्या स्वयंपाकघरातून बघितलं की बोटाएवढ्या जाडीचं पांढरं प्लास्टर दिसतं आणि दुपारी त्यातून तुझ्या खोलीतला उजेड जाणवतो. तुझ्या बाजूला भिंतीवर निळ्या खडूनं दाराची चौकट आखून ठेवली आहे आणि शेजारच्या खिळ्याला नवीन करवत अडकवली आहे. या खेपेला रेघ मी मारली आहे. ये आणि काप.

भिंतीच्या अलीकडे कॉफी चढवून बसलेली,
तुझीच
नुन्झिया