बाबांची अर्धी वाक्यं

प्रिय चारू,

दिवाळीपासून आपण बोललेलो नाही. फोन करायची माझी हिंमत होत नाही, म्हणून लिहितेय. इथे अमेरिकेत, आपल्या ईडन प्रेरी गावात अजून बर्फ आहे. बाबा रोज तो काढायला जातात आणि फावडं कुठेतरी टाकून येतात. मी गुपचूप शोधून जागेवर ठेवते.

माझ्या कामाचा तुला लहानपणापासून राग, घरभर तुटक्या वर्तुळांचे कागद म्हणून. मी इथे आले तेव्हा विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात साडी नेसणारी मी एकटीच होते, आणि मन आधी अख्खं रूप बघतं असं मानणाऱ्या आम्हा गेस्टाल्टवाल्यांना सगळे जुनाट म्हणत. तरी चाळीस वर्षं हट्टाने मी एकच गोष्ट दाखवत राहिले: माणसाला तुकडे दिसत नाहीत, अख्खी आकृती दिसते. मधे फट असली तर मन ती आपणच भरतं, आणि आकृती जितकी ओळखीची, तितकी मोठी फट खपते. त्या शोधाला माझं नाव मिळालं. मला त्याचा फार माज होता गं.

दिवाळीत तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आई, बाबा वाक्य पूर्ण करत नाहीत. तू करतेस." मी तुला वाट्टेल ते बोलले. वर्षातून दोनदा येणारीने शहाणपण शिकवू नये, असंही. पन्नास वर्षांच्या संसारात नवरा नुसतं 'ते हे' म्हणाला तरी बायकोला कळतंच, असं मला खरंच वाटत होतं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी बाबांना विचारलं, मुलं किती, नावं काय. ते हसून माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं, तशी डॉक्टरबाईंनी मला हाताने थांबवलं. चारू, त्यांना तुझं नाव आलं नाही.

येताना गाडी मी चालवली. तेव्हा ध्यानात आलं की जाताना ते चालवत होते खरे, पण प्रत्येक वळण मीच सांगत होते. आणि दवाखान्याच्या फॉर्मवर मी लिहून आले होते की ते वाट चुकत नाहीत. खोटं नाही लिहिलं. मला दिसलंच नव्हतं.

बावीस तारखेला त्यांच्या स्मरणशक्तीची मोठी तपासणी आहे. त्यांनी गाडी चालवायची का, घरी एकटं राहायचं का, ते त्यावर ठरेल. मी आत बसले तर पुन्हा उत्तरं देईन, स्वतःला ओळखते मी. तेव्हा झालं गेलं विसर आणि ये. तू आत बस, मी बाहेर थांबते. बाबांनी तुला 'तू कोण' विचारलं, तर लगेच सांगू नकोस. थोडा वेळ दे त्यांना.

तुझी चुकलेली, तरी तुझीच,
आई